एकाच विषयावर एकत्र येणारं घर : किशोरवयीन इंटरनेट वापराचं एक प्रकरण

आधी एक खुलासा. ओळख पुसण्यासाठी या प्रकरणातले तपशील बदलले आहेत आणि एकाहून अधिक घरांत दिसलेल्या गोष्टी एका घरात आणून ठेवल्या आहेत. त्यामुळे इथले तास आणि दिवस घटनाक्रम कळावा एवढ्यापुरते आहेत, आकडेवारी म्हणून नाहीत. घरातल्या कुणाला नाव दिलेलं नाही. मुलगी, आई, वडील आणि धाकटा भाऊ, एवढं पुरेसं आहे.

कशासाठी आले

मुलगी १५ वर्षांची. तिघं पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा आईच्या मनगटावर ओरखडे होते. तीन दिवसांपूर्वी रात्री साडेबाराला वडिलांनी राऊटरची वायर काढून घेतली होती. मुलगी खोलीतून धावत आली आणि वायर परत जोडू लागली. आईनं हात धरला, तो सोडवून घेताना नखं लागली. मग मुलगी बाथरूममध्ये कडी लावून दीड तास बसली. आई दाराबाहेर बसून राहिली. वडील हॉलमध्ये वायर हातात धरून होते.

वडील तयारीनं आले होते. मुलीच्या फोनमधले स्क्रीन टाइमचे आकडे त्यांनी आठवड्यांनुसार लिहून आणले होते. रोजची सरासरी सात तासांच्या वर, शाळेच्या दिवशीही पाच तास. झोप रात्री दोननंतर. दोन महिन्यांत नऊ दिवस शाळा बुडाली, कारण सकाळी पोटात दुखतं. गुण घसरलेले. लहानपणापासून खेळत असलेला खेळ वर्षापूर्वी सुटला. कागद माझ्यापुढे सरकवून ते म्हणाले, "हे व्यसन आहे की नाही, एवढंच सांगा."

आई म्हणाली, "आमची मुलगी अशी नव्हती हो." मुलगी खिडकीबाहेर बघत होती. नऊ वर्षांचा भाऊ घरीच होता. त्याच्याबद्दल विचारलं तेव्हा आई म्हणाली, "त्याचं काही नाही, तो गुणी आहे." मी ते लिहून घेतलं आणि पुढे गेलो. त्याच्याकडे नंतर येतो.

व्यसन म्हणायचं का

वडिलांचा प्रश्न रास्त होता, पण त्याचं सरळ उत्तर नव्हतं. 'इंटरनेटचं व्यसन' या शब्दाचा जन्मच विचित्र आहे. १९९५ मध्ये अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ इव्हान गोल्डबर्ग यांनी निदानाच्या जाडजूड पुस्तकांची थट्टा करण्यासाठी हा आजार निकषांसकट रचला, आणि लोकांनी तो खरा मानला. त्याच सुमारास मानसशास्त्रज्ञ किंबर्ली यंग यांनी मात्र गंभीरपणे काम सुरू केलं. जुगाराच्या व्यसनाचे निकष त्यांनी इंटरनेटला लावून पाहिले आणि पुढे २० प्रश्नांची चाचणी तयार केली. ती आजही जगभर वापरली जाते. पण अधिकृत मान्यता मिळाली ती फक्त गेमिंगला. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत, २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, इंटरनेट गेमिंगचा विकार 'आणखी अभ्यास हवा' या भागात ठेवला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात गेमिंग डिसऑर्डर आला. २०१९ मध्ये ते वर्गीकरण स्वीकारलं गेलं आणि जानेवारी २०२२ पासून लागू झालं.

ही मुलगी गेम खेळतच नव्हती. म्हणजे तिच्या वागण्यावर चिकटवता येईल असं मान्य निदान नव्हतंच. अशा वेळी 'समस्याजनक इंटरनेट वापर' हा सैल पण प्रामाणिक शब्द कामाचा ठरतो. त्यात तास मोजायचे नसतात. आवरता येतं का, त्यापायी बाकीचं काय सुटलं, आणि नुकसान दिसत असूनही चालूच आहे का, हे पाहायचं असतं.

या कसोटीवर चित्र संमिश्र होतं. झोप, शाळा आणि खेळ सुटले होते, नुकसान तिलाही कळत होतं. पण आवर घालता येत नाही म्हणावं, तर एक गोष्ट त्याच्याशी जुळेना. सुट्टीत ती चार दिवस मावशीकडे राहिली होती आणि त्या चार दिवसांत तिनं फोन जेमतेम हातात घेतला होता. चिडचिड नाही, बेचैनी नाही, रात्री अकराला झोप. हे दोघाही पालकांना माहीत होतं. मी मुद्दाम विचारलं म्हणून आईनं सांगितलं, आणि लगेच म्हणाली, "तिथे काय, पाहुणी म्हणून गेलेली. घरी आली आणि पुन्हा तेच." 'घरी आली आणि पुन्हा तेच' हे शब्द मी जसेच्या तसे टिपून ठेवले.

पहिल्याच भेटीत मुलीशी एकटीशी बोललो. स्वतःला इजा करण्याचे विचार, नैराश्य, ऑनलाइन कुणी छळतं आहे का, कुणी मोठं माणूस संपर्कात आहे का, लक्ष एकाग्र होण्याची जुनी अडचण, हे सगळं आधी पाहावंच लागतं. यातलं काही असेल तर कामाचा क्रम पूर्ण बदलतो. तिच्या मनात उदासी होती, पण तातडीचा धोका नव्हता.

ती तिथे काय करत होती

'दिवसभर फोनवर असते' या वाक्यातून काहीच कळत नाही, तरी बहुतेक घरांत चौकशी तिथेच थांबते. ही मुलगी सहा-सात जणांच्या गटात होती. सगळी वेगवेगळ्या ठिकाणची, एकमेकांना प्रत्यक्ष कधीच न भेटलेली. मिळून एक लांबलचक गोष्ट लिहायची, रात्री व्हॉइस कॉलवर ती वाचायची, कुणी भर घालायची, कुणी भांडायचं. सगळ्यांचं लिखाण एकसंध करण्याचं काम हिच्याकडे होतं. "मी नसले तर गोष्ट पुढे जात नाही," हे सांगताना पहिल्यांदा तिचा आवाज मोकळा झाला.

मी विचारलं, तिथे बरं का वाटतं? तिनं विचार करून सांगितलं, "तिथे कुणी काही बोललं ना, तर ते मलाच बोललेलं असतं."

त्या क्षणी मला या वाक्याचा अर्थ कळला नाही. प्रत्यक्षातल्या लोकांपेक्षा ऑनलाइन बोलणं सोपं आणि सुरक्षित वाटणं हा समस्याजनक वापराकडे नेणारा महत्त्वाचा दुवा आहे, असं संशोधक स्कॉट कॅप्लन यांनी मांडलं आहे. मी तिचं वाक्य त्याच खणात टाकलं. चूक झाली. ती ऑनलाइन जगाबद्दल बोलत नव्हती, घराबद्दल बोलत होती.

घर

या घरात आरडाओरडा नव्हता. बाहेरच्या कुणालाही ते शांत, सुशिक्षित घर वाटलं असतं. दोन वर्षांपूर्वी वडिलांनी आईला न सांगता कर्ज काढून एका व्यवहारात पैसे घातले आणि ते बुडाले. आईला ते कळलं बँकेच्या पत्रातून. मोठं भांडण एकदाच झालं. त्यानंतर दोघांमधलं थेट बोलणं जवळपास बंद झालं.

पण घर चालवायला बोलावं तर लागतंच. मग ते मुलीमार्फत होऊ लागलं. "बाबांना विचार, उद्या गाडी लागणार आहे का." "आईला सांग, मला उशीर होईल." "बाबांना म्हणावं, शाळेची फी भरायची आहे." दोघं एकाच घरात, कधी कधी एकाच खोलीत, आणि निरोप मुलीच्या तोंडून. निरोप नेताना ती आपोआप शब्द मऊ करायची. बाबांचा तुटक निरोप आईपर्यंत पोहोचेपर्यंत सभ्य झालेला असायचा. म्हणजे दिवसभरात तिच्याशी बोललेली बरीच वाक्यं तिच्यासाठी नसायचीच. तिच्या 'मलाच'चा अर्थ हा होता.

दोन माणसांतला ताण असह्य झाला की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं, हे मनोविकारतज्ज्ञ मरे बोएन यांनी सांगितलेलं कुटुंबाचं त्रिकोणी गणित जुनं आहे. कौटुंबिक उपचार करणारे साल्वादोर मिनुचिन यांनी १९७० च्या दशकात त्याचाच एक प्रकार दाखवला. नवरा-बायकोतला संघर्ष थेट न होता मुलाच्या एखाद्या अडचणीवरून वळसा घेऊन जातो, आणि ती अडचण हीच दोघांना एकत्र आणणारी गोष्ट होऊन बसते. पुस्तकात वाचलेलं समोरच्या घरात ओळखायला मला पाच आठवडे लागले.

पहिली योजना

मी आधी जे केलं ते बहुतेक जण करतात. लेखी करार. रात्री दहाला फोन हॉलमध्ये, शाळेच्या दिवशी ठरावीक वेळ, सुट्टीत सूट, मोडलं तर दुसऱ्या दिवशी तासाभराची कपात. मुलगी कुरकुरत का होईना तयार झाली. तिघांनी सह्या केल्या.

११ दिवसांत करार संपला. वडील घरी नसले की आई म्हणायची, "घे अर्धा तास, पण बाबांना सांगू नकोस." हे वडिलांना कळलं तेव्हा त्यांनी मुलीशी किंवा आईशी न बोलता दहाची वेळ नऊवर आणली. मुलीनं वाद घातला, आवाज चढवला, आईनं कंटाळून फोन देऊन टाकला. मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी दाखवलेलं हे चक्र असंच फिरतं. मूल ओरडतं, पालक माघार घेतो, क्षणभर दोघांनाही सुटका मिळते, आणि त्या सुटकेमुळेच पुढच्या वेळचं ओरडणं पक्कं होतं. कुणी वाईट असावं लागत नाही.

आणखी एक गोष्ट घडली. वडिलांनी मुलीच्या फोनमध्ये तिच्या नकळत नजर ठेवणारं अॅप टाकलं. दोन दिवसांत तिच्या ते लक्षात आलं. ती काही बोलली नाही. तिनं दुसरं खातं उघडलं आणि शाळेतल्या मैत्रिणीचा जुना फोन आणून दप्तरात ठेवला. वडिलांच्या कागदावरचे आकडे त्या आठवड्यात झपाट्यानं खाली आले आणि ते खूश झाले.

करार फसण्याचं कारण मुलीच्या इच्छाशक्तीत शोधणं सोपं होतं. पण दोष माझ्या आखणीत होता. मी पालक आणि मुलगी यांच्यात करार केला, जेव्हा खुद्द पालकांमध्येच करार नव्हता. नियमावर सही करणारे दोघं एकमेकांशी बोलतच नसतील, तर नियम पाळला जातोय की नाही हे ठरवणार कोण? वेळेवर बंदी घालून प्रश्न सुटत असता तर दक्षिण कोरियाला तो केव्हाच सोडवता आला असता. तिथे २०११ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहा ऑनलाइन गेम खेळण्यास कायद्यानं मनाई होती. मोठ्यांची खाती वापरून पळवाटा निघत राहिल्या, आणि २०२२ च्या सुरुवातीला तो कायदा मागे घेतला गेला.

वडिलांच्या अॅपबद्दल मी कठोर बोललो, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. २००० मध्ये हाकान स्टाटिन आणि मार्गारेट केर यांनी स्वीडनमधल्या १४ वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूल कुठे असतं, काय करतं याची पालकांना असलेली माहिती मुख्यतः कुठून येते, हे त्यांनी तपासलं. ती पाळतीतून किंवा नियंत्रणातून नव्हे, तर मुलानं आपणहून सांगण्यातून येते, असं दिसलं. हे मी वडिलांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ती मला आपणहून काहीच सांगत नाही." त्यांचा स्वर तक्रारीचा नव्हता. त्यांना वाईट वाटत होतं.

तीन वह्या

सहाव्या आठवड्यात मी तास मोजणं बंद करायला सांगितलं. त्याऐवजी तिघांना एकेक वही दिली. कुणी कुणाची पाहायची नाही. मुलगी फोनकडे जाते किंवा रात्री जागते, तेव्हाची वेळ लिहायची आणि त्याआधीच्या अर्ध्या तासात घरात काय झालं ते लिहायचं. घरात कोण, कुठे, काय बोललं. मत नको, फक्त घडलेलं. १४ दिवस.

वागण्याच्या आधी काय घडतं हे टिपणं ही वर्तनोपचारातली अगदी प्राथमिक गोष्ट आहे. पण इंटरनेटच्या बाबतीत घरं ती करत नाहीत, कारण सगळ्यांची नजर पडद्यावर असते. फोन हातात आला की तो सुटणं अवघड आहे यात वाद नाही. संपणारं पानच नसलेलं स्क्रोलिंग, आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ, केव्हा येईल याचा नेम नसलेली दाद, हे सगळं मुद्दाम तसंच घडवलेलं असतं. पण फोन हातात *का* घेतला, याचं उत्तर त्यात नसतं.

वह्या एकमेकांशेजारी ठेवल्या तेव्हा दोन गोष्टी दिसल्या.

पहिली ही, की बारानंतरच्या रात्री फोनवरून भांडण झालेल्या दिवशी येत नव्हत्या. त्या येत होत्या मुलीनं संध्याकाळी सगळ्यात जास्त निरोप पोहोचवले त्या दिवशी. तिच्या वहीत अशा एका दिवसाची नोंद होती: "७ वेळा. आई-बाबा-आई-बाबा-आई-बाबा-आई. मग खोलीत गेले." आईच्या वहीत त्याच संध्याकाळपुढे लिहिलं होतं, "विशेष काही नाही. शांत होतं."

दुसरी गोष्ट मी शोधायला निघालोच नव्हतो. आईवडिलांमधलं थेट बोलणं, म्हणजे मध्ये मुलगी नसलेलं, १४ दिवसांत पाच वेळा झालं होतं. पाचही वेळा विषय एकच, मुलीचा फोन. त्या पाच वेळा दोघं एका बाजूला होते. एकदा तर रात्री स्वयंपाकघरात पाऊण तास बसून बोलले होते. आईच्या वहीत पुढे लिहिलं होतं, "खूप दिवसांनी."

मी त्या पाच नोंदी दोघांपुढे ओळीनं ठेवल्या. अर्थ सांगितला नाही. वडिलांनी त्या दोनदा वाचल्या आणि वही बंद केली. आई म्हणाली, "म्हणजे हिचा फोन सुटला तर आम्ही कशावर बोलणार?" तिनं हा प्रश्न अगदी सरळ, खऱ्या काळजीनं विचारला. या प्रकरणातलं सगळ्यात धाडसी वाक्य तेच, असं मला आजही वाटतं.

सुधारणा, आणि तिच्यानंतरची रात्र

त्यानंतरच्या आठवड्यात मुलीनं आपणहून चार रात्री फोन बाहेर ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. गटाला कळवलं की परीक्षा आहे. चारही रात्री बाराच्या आत झोपली. मी मनातल्या मनात आनंदलो.

पाचव्या रात्री ती पहाटे साडेतीनपर्यंत जागी होती.

त्या चार दिवसांत घरात पालकांना बोलायला विषय उरला नव्हता. आईची नोंद: "आज कुणीच कुणाशी बोललं नाही." मुलीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "घर फार शांत झालं होतं. मला झोपच येईना."

इथे एक मोहक गोष्ट रचता येते: मुलगी आईवडिलांना जोडून ठेवण्यासाठी जागत होती, तिचा फोन हा घराचा पूल होता. कौटुंबिक उपचार करणाऱ्यांना अशी गोष्ट फार आवडते, मलाही आवडते. पण मी ती सत्य म्हणून सांगणार नाही. मुलीच्या मनात असा हेतू असल्याचा कुठलाही पुरावा नव्हता. साधं स्पष्टीकरण पुरेसं आहे. शांततेनं तिचा जीव घाबरा होतो, फोननं तो शांत होतो, आणि या वयात शरीराचं झोपेचं घड्याळ तसंही उशिराकडे सरकलेलं असतं. संशोधक डॅनियल कार्डेफेल्ट-विंटर यांनी २०१४ मध्ये सुचवलं तसं, माणूस इंटरनेटवर जातो तो अनेकदा आयुष्यातल्या कशाची तरी भरपाई करायला. काय भरून निघतंय ते न पाहता फक्त वापर मोजला तर दुखणं हाती लागत नाही.

उलट दिशाही नाकारू नये. घरामुळे वापर वाढतो तसा वापरामुळे घरही बदलतं. रेखिना फान डेन आइन्डेन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या नेदरलँड्समधल्या पाठपुरावा अभ्यासात मुलांचा अनावर वापर पुढे पालकांच्या त्याविषयीच्या बोलण्यातच घट आणतो असं दिसलं. किती वेळा बोललात यापेक्षा कसं बोललात याला महत्त्व होतं. मुलाला ऐकून घेतलं जातंय, गंभीरपणे घेतलं जातंय असं वाटणारं बोलणं अनावर वापर रोखण्यात आशादायक दिसलं. या घरात दोन्ही दिशा चालू होत्या. मुलगी रात्री जागायची म्हणून सकाळी चिडलेली असायची, म्हणून आई तिच्याशी कामापुरतं बोलायची, म्हणून संध्याकाळी तिच्या वाट्याला फक्त निरोप यायचे.

आईवडिलांमुळे मुलगी बिघडली, असा या प्रकरणाचा अर्थ कुणी काढू नये. ज्या रात्री आई बाथरूमच्या दाराबाहेर दीड तास बसली होती, त्या रात्रीचा विचार करावा.

मग काय केलं

पुढच्या चार भेटींत मी मुलीला बोलावलं नाही. फक्त दोघं. विषय कर्ज. पहिली भेट फार अवघड गेली. आई बोलत राहिली आणि वडील खाली बघत राहिले. दुसऱ्या भेटीत वडिलांनी उरलेल्या हप्त्यांचा कागद आणला, जसा मुलीच्या स्क्रीन टाइमचा आणला होता तसाच, नीट रकाने आखून. पैसे गेल्याचा राग आईला कमी होता. तिला ते पत्रातून कळावं, हे लागलं होतं. तिनं ते सांगितलं. वडील म्हणाले, "मला लाज वाटत होती." दोन वर्षांत हे वाक्य घरात उच्चारलंच गेलं नव्हतं. त्यानं सगळं मिटलं नाही. पण पुढच्या हप्त्याबद्दल दोघं थेट बोलले.

घरासाठी नियम एकच ठेवला, आणि तो पालकांसाठी: मुलांच्या हातून निरोप पाठवायचा नाही. थेट बोलवत नसेल तर चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवा. पहिले काही दिवस टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग होता. मुलीनं त्यातली एकही उचलायची नाही, असं तिला सांगावं लागलं. सवय तिलाही होती. दोनदा तिनं चिठ्ठी वाचून आईला सांगून टाकलीच.

जेवताना वडिलांचा फोन टेबलावर उपडा असायचा, हे मुलीनं दाखवून दिलं. तिच्या वहीत ते रोज लिहिलेलं होतं. मोठ्यांच्या फोनमुळे घरातलं बोलणं कसं तुटतं यावर गेल्या दशकभरात बरंच संशोधन झालं आहे, पण ते सांगायची वेळ आली नाही. वडिलांनी फोन उचलून आत ठेवला.

मुलीच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचं ठरलं ते झोप मागे खेचणं. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, आणि ती पाचावर आली की सकाळचं पोटदुखणं, चिडणं, उदासी हे सगळं वाढतं. दोनची झोप एकदम दहावर आणता येत नाही. आठवड्याला वीस मिनिटं, एवढ्याच गतीनं गेलो. सुट्टीच्या दिवशीही उठायची वेळ तीच. शाळेशी बोलून महिनाभर पहिल्या तासाला उशीर चालेल असं ठरवलं.

लिखाणाचा गट तोडायचा नाही, हे मी पालकांना स्पष्ट सांगितलं. तिला जिथे मोल वाटत होतं ती एकमेव जागा काढून घेऊन काय उरलं असतं? गटानंच कॉलची वेळ रात्रीऐवजी संध्याकाळी आणली. मुलीनं विचारल्यावर कळलं की आणखी दोघांना तेच हवं होतं.

आईला मी एकच काम दिलं होतं: गोष्टीत सध्या काय चाललंय ते विचारायचं, आणि उत्तर ऐकून 'अभ्यासाचं काय' असं म्हणायचं नाही. पहिल्यांदा मुलगी म्हणाली, "तुला नाही कळणार." चौथ्यांदा तिनं गटातल्या सगळ्यांची नावं सांगितली, कोण कुठली, कोण भांडकुदळ, कुणाची आई आजारी. अॅपमधून वडिलांना जे महिनाभरात कळलं नव्हतं, ते आईला भाजी निवडता निवडता वीस मिनिटांत कळलं.

सहा महिन्यांनी

शाळा महिन्यातून एखादा दिवस बुडते. झोप बाराच्या आत, बहुतेक दिवस. राऊटरवरून भांडण नाही. सुटलेला खेळ परत सुरू झाला नाही, आणि तिला तो नकोच असेल अशीही शक्यता आहे. आईवडील बोलतात. भांडतातही, आता आवाज चढवून, आणि मुलगी उठून आपल्या खोलीत जाते. हे मला प्रगतीचं लक्षण वाटतं, कारण पूर्वी ती मध्ये जायची.

वडिलांनी पुन्हा कागद आणला. स्क्रीन टाइम साडेपाच तास. त्यांनी मला विचारलं, "एवढंच कमी झालं?"

मी त्यांना जिनिव्हात झालेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीबद्दल सांगितलं. गेमिंगच्या विकाराची लक्षणं असलेली १२ ते १९ वर्षांची ४२ मुलं. १२ घरांना बहुआयामी कौटुंबिक उपचार, म्हणजे मूल, पालक, घर आणि शाळेसारखं बाहेरचं जग अशा सगळ्यांवर एकत्र काम करणारा, आणि उरलेल्या ३० घरांना नेहमीचा कौटुंबिक उपचार. दोन्हीकडे विकाराची लक्षणं घटली, बहुआयामी उपचारात जास्त घटली. पण खेळण्याचा वेळ दोन्हीकडे कमी झाला नाही. आणि सुरुवातीला पालकांना जो प्रश्न फार मोठा आणि मुलांना किरकोळ वाटत होता, त्याबद्दलचं दोघांचं मत हळूहळू जवळ आलं, कारण पालकांचा अंदाज सौम्य झाला. ४२ हा आकडा लहान आहे, त्यावर फार मोठं घर बांधू नये. पण तास हे मोजमाप किती तोकडं आहे, एवढं त्यातून नक्की दिसतं. साडेपाच तासांतले दोन तास मुलगी लिहीत असते. वडिलांनी ते वाचलेलं नाही. तिनं अजून दिलेलं नाही.

निघताना आईनं एक गोष्ट सहज म्हणून सांगितली. धाकटा हल्ली टॅब घेऊन गॅलरीत बसतो, हाक मारली तरी येत नाही.

मी माझ्या नोंदी उलटून पाहिल्या. पहिल्या भेटीतलं 'तो गुणी आहे' हे वाक्य तिथे होतं, आणि त्यानंतर सहा महिन्यांत त्याच्याबद्दल एकही नोंद नव्हती. निरोप बहिणीकडून जायचे तेव्हा हा मुलगा कुठे बसायचा, असं मी तिघांना विचारलं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मुलगी म्हणाली, "बहुतेक सोफ्यामागे. तिथे तो गाड्या खेळायचा."

पुढची भेट चौघांची ठरली आहे. वह्या चार लागतील.